शरफूचाचांची एक्केचाळीस गिऱ्हाइकं

पनवेलच्या जुन्या बाजारात आमच्या गल्लीच्या आसपास घड्याळ दुरुस्तीची तीन दुकानं होती. त्यातल्या दोन दुकानांत तुम्हाला घड्याळ पाच मिनिटं पुढे लावून मिळे. तिसऱ्या दुकानात मिळत नसे. ते दुकान शरफूचाचांचं.

तुम्ही म्हणाल, यात काय एवढं? काटा फिरवायला असा कितीसा वेळ लागतो? अगदी असंच एकदा उरणकडचे एक पाटील म्हणाले. जमिनीचे पैसे नुकतेच हातात आलेले, मनगटावर नवंकोरं सोनेरी घड्याळ, आणि बाहेर रस्ता अडवून उभी केलेली त्याच रंगाची गाडी.

"चाचा, सेल टाकलाव ना, तर आता जरा पाच मिन्टं पुडं करून द्या. मना कुटंय जायाला उशीरच व्हतो."

चाचांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. "आता किती वाजले?"

"तुमच्या भिंतीवं तं साडेधा हायत."

"मग तुमच्या हातावर दहा पस्तीस कुठून आणू? ती पाच मिनटं अजून झालीच नायत."

"आवो, पन घड्याल माजं हाय ना?"

"घड्याळ तुमचं हाय. टाइम तुमचा नाय."

पाटील भडकले. तिथंच उभं राहून त्यांनी स्वतः काटा पुढे सारला. चाचा तेवढा वेळ तोंड फिरवून भिंतीकडे बघत उभे राहिले. एखादी बाई साडी नेसत असताना सभ्य माणूस जसा वळून उभा राहतो, तसे.

हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण माझा सायबर कॅफे चाचांच्या दुकानाला लागून होता. मधली भिंत प्लायवुडची. त्यामुळे त्यांच्याकडची टिकटिक मला आणि माझ्याकडच्या गेम खेळणाऱ्या पोरांची शिवीगाळ त्यांना फुकट ऐकायला मिळे. चाचांना माझ्याशी काम असलं की ते प्लायवुडवर तीनदा टकटक करत आणि दुकानातूनच ओरडत, "संजू, इमानात बोल, चहा झाला?" कुठलाही प्रश्न विचारण्याआधी 'इमानात बोल' म्हणायची त्यांना सवय होती. चहा झाला का, पाऊस थांबला का, तुझ्या घरी कोळंबी कशी करतात, सगळं इमानात बोलायचं. मी सायबर कॅफेवाला. दहावी नापास पोरांच्या बायोडेटावर 'मेहनती व प्रामाणिक' असं दिवसातून सहा वेळा टाइप करणारा माणूस. मला हा प्रश्न दर वेळी थोडा टोचायचा.

त्यांचं पूर्ण नाव शरफुद्दीन मुकादम. वय सत्तरीच्या पुढे, अंगाने काटकुळे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, बारीक पांढरी दाढी. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एक भाचा होता, तो अधूनमधून यायचा आणि दुकानाची लांबीरुंदी डोळ्यांनी मोजून जायचा. चाचांनंतर इथं मोबाइलचं दुकान काढायचं त्याच्या मनात होतं. चाचांना ते माहीत होतं आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांची चिंता वेगळीच होती. ती एका पत्र्याच्या पेटीत होती.

कुठल्याही दुरुस्तीच्या दुकानाच्या पावतीवर खाली एक ओळ छापलेली असते: 'तीन महिन्यांत वस्तू न नेल्यास आमची जबाबदारी नाही.' चाचांच्या पावतीवरही होती, कारण छापखानेवाला ती न विचारताच टाकायचा. पण चाचा प्रत्येक पावती फाडण्याआधी त्या ओळीवर पेनाने रेघ मारत. मी एकदा म्हटलं, "चाचा, नवीन पावत्या छापताना ती ओळच काढायला सांगा ना."

"सांगितलं होतं. तो म्हनला, हिच्याबिगर पावती चांगली दिसत नाय." आणि पुढच्या पावतीवर त्यांनी रेघ मारली. "लोकांनी ठेवलेली चीज अमानत असते, संजू. अमानतीला तीन महिने नसतात."

तर अशा अमानती साठत साठत त्या पेटीत एक्केचाळीस घड्याळं झाली होती. दुरुस्त झालेली, पण कोणी न्यायलाच न आलेली. कोणी गल्फला गेलेला, कोणी गाव सोडलेला, कोणी साफ विसरलेला. सेलवाल्या घड्याळांचे सेल चाचांनी काढून ठेवले होते, नाहीतर ते फुटून आतून गंज धरतो. चावीच्या घड्याळांना मात्र ते रोज सकाळी दुकान उघडल्यावर एकेक करून चावी देत. मालक उद्या आला तर त्याला बंद घड्याळ कसं द्यायचं? यात त्यांची सकाळची चाळीस मिनिटं जात आणि तेवढा वेळ आलेल्या गिऱ्हाइकाला बाकड्यावर बसून राहावं लागे.

"माझं काय, आज हाय, उद्या नाय," ते म्हणत. "मी गेलो की भाचा ही पेटी भंगारात देणार. त्याच्या आत ज्याची त्याला गेली पाहिजेत."

आणि इथं मी गाढवपणा केला. म्हणजे तेव्हा मला तो हुशारपणा वाटला. दोन हजार नऊ-दहाचे दिवस होते. ज्याच्या त्याच्या तोंडी वेबसाइट होती. आमच्या गल्लीतल्या फरसाणवाल्याचीसुद्धा होती. मी सहज म्हणालो, "चाचा, तुम्हीपण एक वेबसाइट काढा. घड्याळांचे फोटो टाकू. दुबईत बसलेला माणूससुद्धा बघेल."

चाचांनी भिंग काढलं. "इमानात बोल. दुबईत दिसंल?"

"दिसेल."

पंधरा दिवसांत मी एक्केचाळीस फोटोंची साइट करून दिली. महिनाभर चाचा रोज प्लायवुडवर टकटक करून विचारत, "कोन आला?" कोणी येत नव्हतं. साइट दुबईत दिसत होती हे खरं, पण ती तिथं आहे हे ठाऊक असलेल्यालाच. सर्चमध्ये 'पनवेल घड्याळ' टाकलं की आधी मोठमोठी दुकानं यायची, मग लग्नाच्या भेटवस्तू, मग 'घड्याळी तासिका' तत्त्वावरची शिक्षकभरती, आणि आमचे चाचा सतराव्या का अठराव्या पानावर. तिथपर्यंत तर मीसुद्धा कधी गेलो नव्हतो.

म्हणून मी एक छोटीशी युक्ती केली. साइटच्या पांढऱ्या पानावर, खाली, पांढऱ्याच अक्षरात शे-दीडशे शब्द टाकले: स्वस्त घड्याळ, नवीन घड्याळ, लग्नाचं घड्याळ, त्या वर्षी गाजणाऱ्या दोन नट्यांची नावं, क्रिकेटचा स्कोअर. माणसाला दिसत नाही, पण सर्च करणाऱ्या मशीनला दिसतं. आठवड्यात आम्ही सतराव्या पानावरून पाचव्यावर आलो. मी खूश होतो. मग एके दिवशी चाचा माझ्याकडे माउस शिकायला बसले. माउस दाबून धरून ओढला की अक्षरं निळी होतात, याची त्यांना भारी गंमत वाटायची. ओढत ओढत ते पानाच्या तळाशी गेले आणि तिथं रिकाम्या जागेतून दोन नट्या आणि एक क्रिकेटची मॅच वर आली.

"हे काय?"

मी समजावून सांगितलं. चाचा म्हणाले, "म्हंजे, क्रिकेट बघायला आलेला मानूस माझ्या दुकानात येनार, आणि मी त्याला काय दाखवनार?"

"घड्याळं."

"तो शिव्या देत जाईल, संजू. बरोबर देईल. पुसून टाक."

पुसलं. आम्ही परत सतराव्या पानावर.

पण चाचांना एवढं कळलं होतं की पुढे यायची काहीतरी तऱ्हा असते, आणि ती करून देणाऱ्या कंपन्या असतात. "यांच्यात एक तरी इमानदार असंल," ते म्हणाले. "हुडकू." मी त्यांना सांगून पाहिलं की चाचा, या धंद्यात इमानदार हुडकणं म्हणजे... पण उपमा सुचेपर्यंत त्यांनी दुकानाला कुलूप लावलं होतं.

पहिली कंपनी वाशीला. काचेचं ऑफिस, आत एसी इतका की चाचांनी शर्टाचं वरचं बटण लावून घेतलं. टाय लावलेल्या साहेबाने आम्हाला लॅपटॉपवर वर चढत जाणारी रेघ दाखवली. "गॅरंटी देतो. सात दिवसांत पहिला नंबर. रोजचे दहा हजार व्हिजिटर!"

"दहा हजार?" चाचा दचकले. "रोज?"

"मिनिमम."

"माझ्याकडं घड्याळं एक्केचाळीस हायत. दहा हजार लोकांना काय देऊ?"

साहेब हसला. त्याला वाटलं म्हातारा विनोद करतोय. "चाचाजी, ट्रॅफिक हे सगळं आहे."

"नको बाबा. ट्रॅफिक आमच्या पनवेलात लई हाय." चाचा उठले. "मला एक्केचाळीसच मानसं पाहिजेत. तीच. दुसरी आली तरी उपेग नाय."

दुसरी कंपनी बेलापूरला. तिथला मुलगा बोलायला गोड होता. त्याने चहा दिला, चाचांचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आपण असं करू, साइटवर लोकांचे अनुभव टाकू. मी नमुना बनवलाय, बघा." पडद्यावर एका हसऱ्या तरुणाचा फोटो, खाली मजकूर: 'माझं हरवलेलं घड्याळ मला इथं परत मिळालं. धन्यवाद! — रोहित, पुणे.'

चाचांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. "रोहित? रोहितचं घड्याळ नाय माझ्याकडं."

"तसं नव्हे, हा एक... असा कोणीतरी."

"पुन्याचा फक्त एक जोशी हाय, त्याचं गजराचं. रोहित नाय."

रिक्षात बसेपर्यंत मी त्यांना पटवत होतो की रोहित नावाचा माणूसच नाहीये. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडून पेटी धुंडाळल्याचा आवाज येत होता. एक्केचाळीस घड्याळांच्या पावत्या त्यांनी पुन्हा तपासल्या. न जाणो, आपल्याच हातून एखादा रोहित राहून गेला असेल.

आणखी दोन ठिकाणी गेलो. एकाने सांगितलं, आपण पाचशे वेबसाइटांकडून तुमची शिफारस विकत घेऊ. चाचा म्हणाले, मला न ओळखता माझी शिफारस करनारे पाचशे लोक असतील तर मला त्यांची भीती वाटते. दुसऱ्याने 'सोन्याचं घड्याळ सापडलं आहे' असं एक पान टाकायचं सुचवलं. सोन्याचं एकही नाही म्हटल्यावर म्हणाला, लोक आल्यावर बघू. चाचा तिथूनच उठून चालू लागले.

वैशालीचा पत्ता मला माझ्याच कॅफेत येणाऱ्या एका पोरीने दिला. करंजाड्याला नव्या बिल्डिंगमध्ये ही बाई घरूनच काम करायची. तेव्हा करंजाडं म्हणजे निम्म्या बिल्डिंगा उभ्या आणि निम्म्या खड्ड्यात. रिक्षावाल्याने आम्हाला चुकीच्या वाळूच्या ढिगाशी उतरवलं आणि आम्ही चाळीस मिनिटं योग्य ढीग शोधत फिरलो. वैशाली तिशीची, तिने पोराला कडेवर घेऊनच दार उघडलं. तिने साइट पाहिली. मग वाशीच्या साहेबाची गॅरंटी आठवून चाचांनी तिला विचारलं.

"पहिला नंबर देशील?"

"नाही."

चाचा खुर्चीत सरसावून बसले.

"ते माझ्या हातात नाहीये, चाचा," ती म्हणाली. "कोणाच्याच नाहीये. कोणी गॅरंटी दिली तर तो खोटं बोलतोय. मी एवढंच करू शकते, की ज्याला हे घड्याळ हवंय तो काय शब्द टाइप करेल याचा विचार करायचा आणि त्या शब्दांत खरी माहिती लिहायची. सहा महिने लागतील. कदाचित जास्त. कदाचित कोणी येणारही नाही."

"साइटमध्ये बिघाड काय हाय?"

"फार नाही. फोटोंना नुसते नंबर आहेत. 'घड्याळ क्रमांक सात' असं कोणी शोधत नसतं." मग माझ्याकडे बघून, "कोणी केलीय?"

मी पोराला खेळवायला लागलो.

परतताना चाचा इतके आनंदात होते की त्यांनी मला स्टँडवर उसाचा रस पाजला. "कोनी येनारही नाय, म्हनली," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तोंडावर म्हनली! हिलाच काम द्यायचं."

पुढच्या आठवड्यापासून वैशाली संध्याकाळी दुकानात येऊन बसू लागली. एकेक घड्याळ हातात घ्यायचं, चाचांनी सांगायचं आणि तिने लिहायचं. मी मधे मधे जाऊन ऐकायचो, कारण कॅफेत बसून रेल्वेची तिकिटं काढण्यापेक्षा ते बरं होतं. चाचांना सगळं पाठ होतं. हे एका मास्तरांचं, रिटायर झाले तेव्हा पोरांनी दिलेलं. हे एका नव्या नवरीचं, पट्टा सैल होता, तिला लाज वाटायची म्हणून सासऱ्यांना पाठवलंन. आणि एक उरणजवळच्या करंजा बंदरातल्या एका नाखवाचं.

"हे उघडलं तर आत मासळीचा खवला," चाचा म्हणाले. "आनि वास. बोंबलाचा, सुक्या. तीनदा साफ केलं, जात नाय. हे लिहू नको."

"हेच लिहायचं," वैशाली म्हणाली. "करंजा, होडी, सुका बोंबील, वास गेलेला नाही. असं दुसरं घड्याळ जगात नसेल."

तिचं खरं ठरलं. तीनेक महिन्यांत चाचांचा फोन वाजू लागला. बहुतेक लोक सुक्या बोंबलाचा भाव विचारत. कोणी 'करंजा सुका बोंबील' असं शोधायचा आणि थेट चाचांच्या साइटवर यायचा. आपण आणलेल्या माणसाला हात हलवत पाठवायचं नाही, म्हणून चाचांनी एका मासेवालीला विचारून भाव लिहून ठेवला होता. तो भाव चाचा इमानात सांगत आणि शेवटी, "तुमच्या वळखीत कोनी नाखवा हाय का, ज्याचं घड्याळ ऱ्हायलंय?" असं विचारत. अशा पाच-पंचवीस फोनांनंतर एका बाईने पलीकडून विचारलं, "काळ्या पट्ट्याचं का वो? आमच्या बाबांचं?" दोन दिवसांनी ती येऊन घेऊन गेली. घड्याळ हातात घेतल्यावर तिने आधी ते नाकाला लावलं, आणि दुकानातच रडायला लागली. चाचांनी तिला पाण्याचा ग्लास दिला.

हे मी थोडं पुढचं सांगून टाकलं. कारण त्याच्या आधी भांडण झालं होतं. चाचांनी वैशालीला कामावरून काढलं होतं.

झालं असं, की चाळीस घड्याळं लिहून झाली आणि शेवटचं एक राहिलं. जुनं चावीचं घड्याळ, पांढरी तबकडी, चामड्याचा झिजलेला पट्टा. वैशालीने वही पुढे ओढली. "हे कोणाचं?"

"लिही, एक घड्याळ."

"कोणाचं, चाचा?"

"अन्वर नावाचा पोरगा. गल्फला गेला. बस."

"का नेलं नाही त्याने? कधी दिलं होतं? काय बिघडलं होतं?"

"तुला काय करायचंय? एवढंच लिही."

वैशालीने पेन खाली ठेवलं. "चाळीस घड्याळांचा तुम्ही वाससुद्धा सांगितलात. आणि यातलं अर्धं तुम्ही लपवताय. अर्धी माहिती मी टाकत नाही. हे तुम्हाला पहिल्या दिवशी सांगितलं होतं."

"मग नको टाकू! जा!" चाचांचा आवाज मी इतक्या वर्षांत पहिल्यांदा चढलेला ऐकला. वैशालीने वही पर्समध्ये घातली आणि ती निघून गेली. चाचांनी सहालाच शटर ओढलं.

इमानदार कंपनी शोधायला या माणसाने मला वाशीपासून करंजाड्याच्या वाळूपर्यंत फिरवलं होतं, आणि ती सापडल्यावर तिलाच हाकललं. मला हसू येत होतं आणि थोडा रागही. पण आठवडाभर प्लायवुडवर टकटक झाली नाही, तेव्हा हसू गेलं.

आठव्या दिवशी चाचा स्वतः माझ्याकडे आले, ते घड्याळ घेऊन. दुपारची वेळ, कॅफे रिकामा. माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "संजू, टाइप कर. मी सांगतो तसं. एक शब्द बदलू नको."

त्यांनी सांगितलं ते असं:

'हे घड्याळ अन्वरच्या वडिलांचं आहे. वडील वारले, त्याच्या चाळिसाव्या दिवसानंतर त्याने हे माझ्याकडे दिलं. मिनिटकाटा सैल होता. तो बसवायला दहा मिनिटं लागतात. मी शुक्रवारी देतो म्हणालो. शुक्रवारी तो आला तेव्हा त्याच्या हातात बॅग होती, त्याला त्याच दिवशी विमान होतं. मी घड्याळ उघडलंच नव्हतं. विसरलो होतो. मी त्याला सांगितलं, पार्ट मुंबईहून यायचा आहे, अजून आला नाही. हे खोटं होतं. त्याला कुठलाही पार्ट लागत नव्हता. तो म्हणाला, बरं चाचा, परत आल्यावर नेतो. तो परत आला नाही. घड्याळ त्याच संध्याकाळी दुरुस्त केलं. — शरफुद्दीन मुकादम, पनवेल.'

माझी बोटं कीबोर्डवर थांबली. 'पार्ट आला नाही' हे कोण सांगत नाही? गिझरवाला सांगतो, स्कूटरवाला सांगतो, मी स्वतः प्रिंटर बंद असला की सांगतो. दिवसाकाठी पनवेलात हे वाक्य हजारदा बोललं जात असेल. मी म्हणालो, "चाचा, एवढ्याशा गोष्टीसाठी..."

"बापाचं घड्याळ होतं," चाचा म्हणाले. "बाप नुकता मातीत घातलेला. परदेशात एकटा चाललेला पोरगा. हातावर बापाचं घड्याळ असतं तर त्याला बरं वाटलं असतं. दहा मिनटं लागत होती, संजू. तो बाकड्यावर बसला असता तरी झालं असतं. पन 'विसरलो' म्हनायची मला लाज वाटली." मग म्हणाले, "बावीस वर्षं झाली. बाकीची चाळीस घड्याळं खरीच हायत. पन वेबसाइट मला याच्यासाठीच पायजे होती. एकट्या अन्वरसाठी काढतो म्हनलो असतो तर तू कारन विचारलं असतंस."

मी वैशालीला फोन केला. ती संध्याकाळी आली, तिने मजकूर वाचला, आणि त्यातला एक शब्दही न बदलता टाकला. फक्त अन्वरच्या गावाचं नाव वर घातलं, कारण गाव सोडलेला माणूस कधीतरी गावाचं नाव शोधतोच, असं ती म्हणाली. जाताना तिने चाचांना वाकून नमस्कार केला. चाचा अवघडून "अरे, अरे" करत मागे सरकले आणि स्टुलावर आपटले.

त्यानंतर नाखवाचं घड्याळ गेलं, नवरीचं गेलं (ती आता आजी झाली होती), जोश्यांचा गजर पुण्याला गेला. दीड वर्षात नऊ घड्याळं घरी पोहोचली. प्रत्येक वेळी चाचा आनंदाने सगळ्या गल्लीला चहा पाजत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मला विचारत, "त्याचं काय?" मी मेल उघडून बघायचो आणि मान हलवायचो.

एका मंगळवारी सकाळी मेल आलेला होता. मस्कतहून. मी प्लायवुडवर टकटक केली. आयुष्यात पहिल्यांदा मी केली, त्यामुळे चाचा काय झालं म्हणून भिंग डोळ्यावर तसंच ठेवून धावत आले. मी वाचायला लागलो. अन्वरने रोमन अक्षरांत मराठी लिहिलं होतं.

'चाचा सलाम. माझ्या मुलीने आपल्या गावाचं नाव शोधलं, त्यात तुमचं पान आलं. तिने मला वाचून दाखवलं. चाचा, तुम्ही खोटं बोलताय हे मला तेव्हाच कळलं होतं. मी घड्याळाला पट्ट्याभोवती दोरा बांधून दिला होता, तो तुमच्या टेबलावर तसाच गाठीसकट दिसत होता. मला राग आला होता. पण इथं आल्यावर पहिली दोन वर्षं फार वाईट गेली. जे होतं ते सगळं विकलं. हे घड्याळ जवळ असतं तर तेही विकलं असतं. नंतर बरे दिवस आले, तेव्हा वाटायचं, अब्बांची एक तरी चीज तिकडे नीट आहे, चाचांकडे आहे. न्यायला यायला धीर झाला नाही. आलो आणि दुकानच नसेल तर काय, या भीतीने आलो नाही. दुकान आहे का?'

चाचा उभेच होते. भिंग अजून डोळ्यावर होतं आणि त्याच्या खालून पाणी गालावर येत होतं. "परत वाच," ते म्हणाले. "बरोबर ऐकू आलं नाय."

मी परत वाचलं. त्यांना ऐकू आलं होतं हे मला माहीत होतं. तरी तिसऱ्यांदाही वाचलं.

"जबाब लिही," चाचा म्हणाले. मी कीबोर्ड पुढे ओढला. ते बराच वेळ शब्द जुळवत राहिले. एकदा म्हणाले, लिही की माफ कर. मग म्हणाले, पूस. मग म्हणाले, लिही की दुकान हाय. मग खुर्चीच्या पाठीला धरून, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला सांगावं तशा सरळ आवाजात त्यांनी सांगितलं,

"लिही, अन्वर, तुझं काम झालंय. येऊन घेऊन जा."